शिक्षेचे पैसे

९ नोव्हेंबर २०२४, कनाटा (ओटावा)

सु.ची वेणी आज पहिल्यांदा संध्याकाळपर्यंत टिकली. फेब्रुवारीत पडल्यापासून तिचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, म्हणून केस माझ्याकडे आहेत. सुरुवातीला नुसता रबरबँड लावून द्यायचो. ती 'छान झालंय हो' म्हणायची आणि लिफ्टमधल्या आरशाकडे पाठ करून उभी राहायची. आयुष्यभर टेलिकॉममध्ये वायरी जोडल्या, तीन पेडांची वेणी मात्र सत्तरीत शिकलो. बायकोने निकाल दिला: पास, पण भांग वाकडा.

दुपारी वकीलबाईंचा फोन. हरलीन, मूळची ब्रॅम्प्टनची पंजाबी मुलगी, आमच्या लेकीपेक्षा, मुक्तापेक्षा लहान. सु.शी हिंदीत बोलते, माझ्याशी कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, आणि चिडली की दोघांशी पंजाबीत. तिचं म्हणणं, आंटींनी रोज लिहून ठेवायचं, कुठे दुखलं, काय जमलं नाही. बिल्डिंगच्या मालकांवर दावा लावलाय, त्याला लागतं. सु.ने काय लिहिलंय ते बघितलं. पानभर 'आज बरं आहे'. मध्ये एकदा 'पाऊस'. म्हटलं, तू राहू दे, मी लिहितो. पण माझ्यापुरतं, कोर्टासाठी नाही.

१७ नोव्हेंबर

पहिला बर्फ. सु. आज खिडकीपासून लांबची खुर्ची घेऊन बसली.

एकदा सगळं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. घर विकून या भाड्याच्या बिल्डिंगमध्ये आलो ते एकाच कारणासाठी, म्हातारपणी फावडं घेऊन बर्फ शोव्हल करायचा नाही. फ्लॅट दाखवताना मॅनेजर ग्लेन आम्हाला मुद्दाम गराजच्या रॅम्पवर घेऊन गेला होता. काँक्रीटच्या पोटात हीटिंगच्या तारा आहेत, इथे बर्फ टिकतच नाही, म्हणाला. मला तर फ्लॅटपेक्षा तो रॅम्पच जास्त आवडला होता. त्याच्या कडेने चालायची पट्टी आहे, बसस्टॉपला जायला सगळे तिथूनच जातात.

त्या दिवशी पहाटे फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस, पडून गेला होता. सु. लायब्ररीतल्या विणकामाच्या गटाला निघाली. मी वर चहा पीत बसलो होतो. रॅम्प वरपासून खालपर्यंत काचेसारखा. खुब्याचं हाड मोडलं, उजवा खांदा गेला. मी धावत खाली पोचलो तेव्हा ती अँब्युलन्सच्या मुलाला सॉरी म्हणत होती, त्याला त्या उतारावर उभं राहावं लागतंय म्हणून.

ग्लेन हॉस्पिटलात फुलं घेऊन आला होता. ठेवली आणि लगेच निघाला. इथे आल्यापासून दर दिवाळीला सु.च्या हातचे बेसनाचे लाडू खातो तो.

२२ जानेवारी २०२५

फॅमिली डॉक्टरकडे. त्याने विचारलं, 'हाऊ आर वी डुइंग?' बाईसाहेब: 'व्हेरी वेल, डॉक्टर. अँड यू?' त्याने लगेच कॉम्प्युटरमध्ये टाइप केलं, तब्येत सुधारते आहे. बाहेर कोट चढवताना हात बाहीत जाईना, ओठ चावून उभी. म्हटलं, आत सांगायला काय झालं होतं? म्हणे, 'त्यांच्याकडे केवढी गर्दी होती.'

हरलीनला (यापुढे नुसतं ह. लिहितो, हात दुखतो) सांगितलं तर ती म्हणाली, 'आंटीजी, डॉक्टर के सामने रोना अलाउड है.' सु. खूप हसली. पण रडायचं म्हणाल तर पडल्यापासून एकदाही नाही. चिडलेली पण नाही. विचारलं की म्हणते, बर्फच तो, त्याला काय करणार.

१३ मे

आज 'डिस्कव्हरी'. हे कोर्ट नव्हे. एका ऑफिसात टेबलाभोवती बसायचं, समोरचा वकील शपथेवर प्रश्न विचारतो, एक बाई शब्द न् शब्द टाइप करते. समोर म्हणजे बिल्डिंगच्या मालक कंपनीचा वकील, इन्शुरन्सवाल्यांनी दिलेला. मला बसायची परवानगी, बोलायची बंदी. ह.ने दोनदा बजावलं. माझी कीर्ती पोचलेली दिसते.

वकिलाने सु.ला विचारलं, पूर्वी करायचात आणि आता करता येत नाही असं काय काय? मला वाटलं रांगोळी सांगेल, पोळ्या सांगेल, तळ्याभोवतीचं फिरणं सांगेल. वाकता येत नाही, खाली बसता येत नाही, हे सांगितलं. मग म्हणाली, 'ही हॅज टू डू माय हेअर. ही इज व्हेरी स्लो.' टाइप करणारी बाईसुद्धा हसली. आणि पुढे म्हणाली, 'अँड आय कॅन नॉट स्लीप ऑन द साइड फेसिंग हिम.'

मला माहीतच नव्हतं. वर्षभर मला वाटत होतं, माझ्या घोरण्यामुळे पाठ करून झोपते. घरी येताना क्वीन्सवेवर मी एक्झिट चुकलो. ती म्हणाली, 'अहो, लक्ष कुठे आहे?'

१४ मे

आज ग्लेनची पाळी, प्रश्न ह.चे. टाय लावून आला होता बिचारा. ह.ने गोड आवाजात सुरुवात केली आणि हळूहळू त्याला रॅम्पवर आणलं.

हीटिंग बिघडलं होतं का? नाही. मग? बंद ठेवलं होतं. कोणी? हेड ऑफिसची ऑर्डर, हिवाळ्याच्या सुरुवातीपासून, विजेचं बिल फार येतं म्हणून. सु.च्या आधी तिथे कोणी पडलं होतं का? हो, दोघं, त्याच जानेवारीत. हेड ऑफिसला कळवलं होतं? कळवलं होतं. उत्तर काय आलं? 'बर्फ वितळायला मीठ टाका.' त्या दिवशी मीठ होतं का? संपलं होतं. त्यांचा वकील मध्ये मध्ये हरकत घेत होता. ग्लेन म्हणाला, 'आय टोल्ड देम. आय टोल्ड देम ट्वाइस.' मग त्याने सु.कडे बघितलं. सु.ने आपला पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

पंधरा महिने मी बर्फावर चिडलो होतो. आता कळलं की ते बटण होतं.

१६ मे

ह.च्या ऑफिसात. ती आपल्या दाव्यात नवी ओळ घालणार आहे, प्युनिटिव्ह डॅमेजेस. मला वाटायचं भरपाई म्हणजे भरपाई, त्यात काय प्रकार. तिने समजावलं, 'अंकलजी, बाकी सब आंटी को देखकर नापते हैं. दर्द, फिजिओ, घर का काम. ये वाला उनको देखकर.' चूक झाली, दुर्लक्ष झालं, तर भरपाई. पण माहीत असताना, दोन माणसं पडलेली असताना, बिल वाचवायला बटण बंद ठेवलं, तर कोर्ट त्याची वेगळी शिक्षा पैशात करू शकतं. करू शकतं, करतंच असं नाही. कॅनडात फार क्वचित करतात. अमेरिकेतल्या बातम्यांत येतात तसे आकडे इथे विसरायचे. जज आधी बघणार की नुसत्या भरपाईने त्यांना अद्दल घडते का. घडत असेल तर विषय संपला. नसेल तर अद्दल घडण्यापुरती रक्कम, त्याहून जास्त नाही. आणि बहुतेक वेळा ही रक्कम इन्शुरन्स भरत नाही, कंपनीला स्वतःच्या खिशातून काढावी लागते. हे शेवटचं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी टेबलावर हात आपटला. ह.चा कॉफीचा कप हलला.

सु. इतका वेळ ऐकत होती. म्हणाली, 'गुन्हा त्यांचा, शिक्षा त्यांना. मग ते पैसे आपल्याला कशाला?'

ह. म्हणाली, 'आंटीजी, लॉ स्कूल में मैंने भी यही पूछा था.' उत्तर असं की कोणीतरी कोर्टात नेल्याशिवाय असल्या गोष्टी उजेडात येत नाहीत, म्हणून जो नेतो त्याच्या पदरात ते पैसे पडतात. सु.ला पटलं नाही. गाडीत म्हणाली, 'मी पडले त्याचे द्या, औषधाचे द्या. कोणाला छडी मारल्याचे मला नकोत.' म्हटलं, छडी नाही गं. ज्याने बटण बंद ठेवून पैसे वाचवले, त्याला ते वाचवणं महाग पडलं पाहिजे. नाहीतर पुढच्या थंडीत पुन्हा बंद. हा साधा हिशेब आहे.

'बरं, तुम्ही म्हणाल तसं.'

तिचं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणजे 'नाही', हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलंय मला. पण गप्प बसलो, सोयीचं होतं.

१ जून

विनिपेगहून मुक्ताचा फोन. उत्साहाने सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं. मग, 'बाबा, डझ आई वाँट धिस?' म्हटलं, आईला काय हवं ते आई कधी सांगते का. 'देन आस्क हर. व्हेन यू आर नॉट धिस अँग्री.' पोरगी तोंडाने माझ्यावर गेली आहे आणि डोक्याने आईवर.

राग येतो खरा. सकाळी सु.चे मोजे चढवताना जास्त येतो. तिचा पाय मांडीवर घेतला की ते बटण बंद करणारं बोट आठवतं, कोणाचं ते माहीत नाही. गरम ऑफिसात बसलेलं असणार. सु.ला राग येत नाही, म्हणून मला दोघांच्या वाटचा येतो. ती वरून माझ्या टकलावर टिचकी मारते, 'झाला का मोजा?'

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. घरात बारा-पंधरा माणसं, गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीच्या जागी प्लॅस्टिकच्या द्राक्षांचे घड, मोदक दोन बायकांनी आणले. सु. खुर्चीत बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. छान दिसत होती. वेणीवर गजरा खोचला मी, जमला.

माई आल्या. नव्वदीच्या पुढे आहेत. आम्ही या देशात आलो तो पहिला हिवाळा त्यांच्या बेसमेंटमध्ये काढला, भाडं घेतलं नाही त्यांनी. सु.च्या अंगावरचा पहिला विंटर कोट माईंचा. मुलाने गाडीतून उतरवलं, काठी टेकून उभ्या राहिल्या, आणि मी 'अगं, अगं' म्हणेपर्यंत सु. खाली वाकली. पायाला हात लावला. मग उठता येईना. मी आणि माईंच्या मुलाने दोन्हीकडून धरून उचललं. माई म्हणाल्या, 'वेडी आहेस का गं?' दोघी एकमेकींना धरून हसत होत्या.

पार्किंगमध्ये समोर एक राखाडी गाडी होती. सकाळपासून एक माणूस आत एकटाच बसलेला. सु.चा जीव कळवळला. 'कोणाची वाट बघतोय कोण जाणे. जेवला पण नसेल. प्रसाद देऊन या.' कागदी ताटलीत दोन मोदक घालून गेलो, काच वाजवली. केवढा दचकला. 'थँक यू, सर' म्हणाला आणि ताटली घेतली.

३० ऑगस्ट

सु. काल आणि आज अंथरुणातच. गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, परत पिशवी. कूस बदलायची तर मला हाक. म्हटलं, नुसता हात जोडून नमस्कार केला असतास तर माईंनी काय शाप दिला असता?

'माई होत्या हो.'

एवढंच. यापुढे वाद नाही. पेज करून भरवली. मीठ विसरलो होतो, तिने सांगितलं नाही, मी उरलेली खाल्ली तेव्हा कळलं.

९ ऑक्टोबर

ओटावात खटला उभा राहण्याआधी मीडिएशन (तडजोडीची बैठक) सक्तीचं. सुरुवातीला सगळे एका खोलीत, मग आम्ही एका खोलीत, ते दुसऱ्या, आणि एक निवृत्त वकील मध्ये फेऱ्या मारतो, निरोप्यासारखा. त्यांच्याकडून वकील, इन्शुरन्सची बाई आणि हेड ऑफिसचा एक माणूस. चांगला सूट.

वकिलाने स्क्रीनवर व्हिडिओ लावला. आमच्या बिल्डिंगचं दार. माई गाडीतून उतरतात. सु. येते. वाकते. इथे त्याने व्हिडिओ थांबवला, ती वाकलेली असतानाच. म्हणाला, 'मिसेस साठे टोल्ड अस अंडर ओथ शी कॅन नॉट बेंड.'

ह. शांतपणे म्हणाली, पुढे चालू द्या. त्याला नको होतं, मीडिएटर म्हणाला द्या. तर पुढे आम्ही दोघं तिला उचलतोय. मग जरा वेळाने मी, हातात ताटली, पोट आधी, कॅमेऱ्याकडे चालत येतोय. टकटक. मग नुसतं गाडीचं छत, त्या राखाडी गाडीचं, आतून. मीडिएटरने चष्मा काढून पुसला. त्यालाच विचारावं लागलं, 'अँड हू इज द जेंटलमन विथ द प्लेट?' इन्शुरन्सची बाई खाली बघून हसत होती. ह.ने सु.ला विचारलं, आंटी, का वाकलात? सु. म्हणाली, 'शी गेव्ह मी माय फर्स्ट कोट.' मग कोणी हसलं नाही.

सगळ्यांना वाटलं आपण जिंकलो. आमच्या खोलीत आल्यावर सु.ने मला मराठीत हळूच विचारलं, 'म्हणजे मी खोटं बोलते असं वाटतं का त्यांना?' तिचा चेहरा बघवेना. ज्या बाईने दुखतंय हे डॉक्टरला सांगितलं नाही, तिला दुखण्याचं ढोंग करते म्हणाले. आणि कोर्टात गेलो तर हेच परत, दिवसभर, परक्या माणसांसमोर, तीच वाकलेली सु. पडद्यावर. माझा राग कुठे गेला कळलं नाही. नुसती भीती वाटायला लागली.

काही ठरलं नाही. हेड ऑफिसच्या माणसाने दिवसभरात सु.कडे एकदाही बघितलं नाही. ह. सांगत होती, ओंटारिओत माफी मागितली तर तो कबुलीजबाब धरत नाहीत, तसा कायदाच आहे. म्हणजे फुकट मागता आली असती.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. लाडू मी केले. सु. खुर्चीतून: 'हलवत राहा. खाली लागेल. फोन बघू नका.' बेसन खमंग भाजलं गेलं, वळताना मात्र गोट्यांपासून चेंडूपर्यंत सगळे आकार झाले. एक डबा ग्लेनला द्यायचा म्हणाली. मी म्हटलं, या वर्षीपण?

'नोकरी त्यांच्याकडे असून त्याने शपथेवर खरं सांगितलं. त्याला नाही तर कोणाला?'

नेऊन दिला. डबा दोन्ही हातांत धरून ग्लेन दारात उभाच राहिला. म्हणाला, या वर्षी येईल असं वाटलं नव्हतं. मला एकदम त्याच्याविषयी माया वाटली, कशी ते कळलं नाही. पणत्या लावल्या, स्मोक अलार्मच्या भीतीने बॅटरीच्याच.

१३ नोव्हेंबर

त्यांची ऑफर आली. भरपाई चांगली आहे, ह.ने मागितली त्याच्या जवळपास. अटी अशा: प्युनिटिव्हची ओळ काढून टाकायची. कंपनी काहीही कबूल करत नाही. आणि या विषयावर बिल्डिंगमध्ये किंवा बाहेर कोणाशी चकार शब्द काढायचा नाही. उत्तर शुक्रवार २८ पर्यंत.

ह.ला विचारलं, तू काय करशील? म्हणाली, ट्रायल म्हणजे अजून वर्ष-दीड वर्ष. शिक्षा होईल की नाही, 'मैं नहीं कह सकती, अंकल.' आणि कोर्टाने या ऑफरपेक्षा कमी दिलं तर इथून पुढचा त्यांचा खर्चही आपल्या अंगावर येऊ शकतो. पण केस चांगली आहे, हेही म्हणाली. ती ओळ काढायला ते इतके उतावीळ आहेत, कारण तेवढीच त्यांच्या खिशातून जाणार आहे.

म्हटलं, घेऊन टाकू. फोनवर ह.ने दोनदा विचारलं, नक्की? मे महिन्यात तिच्या टेबलावर हात आपटणारा मीच.

सु. म्हणाली, 'तुम्हीच म्हणत होतात ना, महाग पडलं पाहिजे म्हणून?'

'मला ते नको आता. मला तू हवी आहेस. राहिलेले दिवस वकिलांच्या टेबलाशी नकोत.'

इतक्या वर्षांत असं तोंडाने कधी बोललो नसेन. ती लाजली, या वयात. मग म्हणाली, 'करून टाका.' हे 'तुम्ही म्हणाल तसं' नव्हतं. खरोखरच 'करून टाका' होतं.

२० नोव्हेंबर

शुक्रवारी २८ला ह.कडे जाऊन सह्या करायच्या. मुक्ताला सांगितलं, तिने सुटकेचा श्वास टाकलेला इथे ऐकू आला. 'गुड. प्राउड ऑफ यू, बाबा.' लहानपणी तिच्या रिपोर्ट कार्डवर मी लिहायचो तसं.

फिजिओ करणाऱ्या मुलीने खांद्याखाली उशी कशी लावायची ते दाखवलं. दुपारी जेवून आडवे झालो तेव्हा करून बघितलं. सु. माझ्याकडे तोंड करून झोपली, थोडाच वेळ. 'घोरायला लागलात तर परत वळेन.' मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. तिच्या भुवईत एक पांढरा केस आलाय, नवीन. किंवा जुना असेल, मला आज दिसला. फार सुख वाटलं.

२५ नोव्हेंबर

पहाटेपासून बर्फ, जोराचा. सु.ची फिजिओची वेळ दहाची. गाडी काढली. गराजचं दार वर गेलं आणि समोर रॅम्प काळा, ओला, स्वच्छ. दोन्ही बाजूंना पांढरे ढीग, रॅम्पवर कण नाही. बारीक वाफ निघत होती. गाडी बाजूला घेऊन थांबवली, उतरलो, ग्लव्ह काढून काँक्रीटवर हात टेकला.

सु.ने काच खाली केली. 'काय झालं हो?'

'गरम आहे.'

'काय गरम आहे?'

'रॅम्प. हीटिंग चालू केलंय त्यांनी.'

नोटीस नाही, निरोप नाही. गुपचूप चालू केलंय. मला तर आनंदच झाला. म्हटलं, बघ, शिक्षा व्हायच्या आधी नुसत्या धाकानेच काम केलं. आता इथे कोणी पडायचं नाही. मला वाटलं, तीही हसेल.

ती चालायच्या पट्टीकडे बघत होती. पडली होती तिथे. मग म्हणाली, 'एवढंच करायचं होतं?'

आणि रडायला लागली. हॉस्पिटलात रडली नाही, त्या व्हिडिओनंतर नाही, आज रडली. आधी आवाज न करता, मग आवाज करून. मी तिच्या बाजूचं दार उघडून खालीच गुडघ्यांवर बसलो. मफलरच्या टोकाने तिचं तोंड पुसलं. नुसता पाठीवर हात फिरवत राहिलो. गुडघे भिजले, पण गार लागलं नाही, खालून ऊब येत होती. त्याचीच जास्त लाज वाटली मला, का ते सांगता येणार नाही.

'मला राग आलाय,' ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही. 'मी त्या बर्फाला क्षमा करून बसले होते हो. म्हटलं, बर्फच तो. त्यांना त्या दिवशी पण हे करता आलं असतं. सकाळी उठून, चहा पिता पिता.'

म्हटलं, चल, फिजिओला उशीर होईल.

'नको. हरलीनला फोन लावा.'

तिथेच बसून लावला. ह. कोर्टात होती. तिच्या ऑफिसातल्या बाईने सांगितलं, उद्या सकाळी नऊला ती स्वतः करेल. सु.ने मान हलवली. गाडी वळवून परत आत घेतली. वर येताना लिफ्टमध्ये तिने माझा हात सोडला नाही.

आता ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मटार सोलतेय, डाव्या हाताने, भराभर. शुक्रवारी सही करायची की शिक्षेची ती ओळ तशीच ठेवायची, सकाळी हरलीनला काय सांगणार, तिने मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. मी समोरची खुर्ची ओढली, अर्धा ढीग माझ्याकडे घेतला आणि सोलायला लागलो.